लोकअभिरक्षकाच्या निवडीत डावललं गेल्यावर: निवेदन, माहिती अधिकार की रिट?

लोकअभिरक्षक म्हणजे गरीब आरोपींचा सरकारी खर्चाने बचाव करणारा वकील. त्याच्या नेमणुकीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची निवड यादी लागली की बार रूममध्ये तीन सल्ले ऐकू येतात: राज्य प्राधिकरणाकडे निवेदन द्या, माहिती अधिकार टाका, नाहीतर सरळ हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी निर्णयाला आव्हान देणारी याचिका, लावा. तिन्ही मार्ग खरे आहेत, पण ते एकाच दुखण्यावरचे नाहीत. शिवाय घड्याळ चालू असतं. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) 2022 च्या योजनेनुसार लोकअभिरक्षकाची नेमणूक सुरुवातीला दोन वर्षांच्या कराराने होते आणि पुढे कामगिरी पाहून एकेक वर्ष वाढते. वाद दीड वर्ष रेंगाळला तर जिंकूनही हाती फारसं काही लागत नाही.

आधी तक्रार कसली ते ठरवा

मुख्य लोकअभिरक्षकासाठी फौजदारी वकिलीची किमान 10 वर्षं आणि सत्र न्यायालयातले किमान 30 खटले लागतात, उपमुख्यासाठी 7 वर्षं आणि 20 खटले. सहायकासाठी अनुभव 0 ते 3 वर्षं. वादाची मोठी जागा ही खटल्यांची संख्याच आहे. जामीन अर्ज आणि अपिलं मिसळून आकडा गाठला जातो, किंवा सीनियरने चालवलेल्या खटल्यात ज्युनियर स्वतःचं नाव लावतो. हे तपासता येतं. प्रत्येक खटल्याला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर टाकला की खटल्याचा प्रकार, तारखा आणि वकिलांची नोंद दिसते. निकालपत्राच्या पहिल्या पानावर आरोपीतर्फे कोण उभं राहिलं तेही लिहिलेलं असतं. स्वतःचा अर्जही असाच भरा: सीएनआर, वकालतनामा किंवा नेमणुकीचा आदेश, निकालाची प्रत. नुसती खटल्यांची यादी जोडलेला अर्ज छाननीत बाद झाला तर पुढे भांडायला आधार उरत नाही.

निवडून आलेल्याकडे पात्रताच नाही, जाहिरातीनंतर निकष बदलले, समितीतल्या कुणाचे उमेदवाराशी हितसंबंध आहेत, या तक्रारी कागदाने सिद्ध होतात. ‘मुलाखतीत मला मुद्दाम कमी गुण दिले’ ही तक्रार वेगळी. ती मनाला कितीही लागली तरी कोर्टात बहुधा टिकत नाही. निवड समितीच्या मूल्यमापनावर न्यायालय अपिलात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये दलपत सोळुंके प्रकरणात स्पष्ट केलं. अनुभवी, प्रौढ उमेदवारांच्या निवडीत मुलाखतीला जास्त वजन देता येतं, हे लीला धर प्रकरणात 1981 पासून ठरलेलं आहे. त्यामुळे ‘मुलाखतीलाच एवढे गुण का’ हा एकटा मुद्दाही दुबळा.

निवेदन: स्वस्त, पण वेळेवर दिलं तरच

निवड समिती प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते, पण अंतिम मंजुरी राज्य प्राधिकरणाच्या कार्यकारी अध्यक्षांची. यादी जिल्ह्यातून मुंबईला गेली आणि मंजुरी यायची आहे, हे मधले दिवस निवेदनासाठी सर्वांत मोलाचे. सदस्य सचिवांच्या नावे एक-दोन पानं, मुद्दा एकच, सोबत पुरावा, आणि आवक क्रमांकाची पोच. यात न्यायाधीशांवर हेत्वारोप केले की मूळ मुद्दा बाजूला पडतो. उत्तर किती दिवसांत द्यायचं याचं बंधन नाही, आणि निवेदनांमागून निवेदनं पाठवल्याने रिटचा उशीर माफ होत नाही. दोन-तीन आठवड्यांत हालचाल दिसली नाही तर थांबू नका.

माहिती अधिकार: पुरावा मिळतो, दाद मिळत नाही

शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील करायचं आणि त्याचा निर्णय 30, फार तर 45 दिवसांत व्हायला हवा. त्यापुढे राज्य माहिती आयोग, आणि तिथे लागणारा वेळ दोन वर्षांच्या कराराला परवडत नाही.

अर्जाचं यश शब्दांवर ठरतं. ‘निवड कोणत्या आधारावर केली?’ असं विचारलं तर ‘नियमानुसार’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी दस्तऐवज मागा: मुलाखतीआधी ठरलेल्या गुणविभागणीचं इतिवृत्त, छाननी तक्ता, स्वतःची गुणपत्रिका, निवड झालेल्यांचे एकूण गुण आणि त्यांनी जोडलेली खटल्यांची यादी. कोणत्या सदस्याने किती गुण दिले ते मागू नका, ते नाकारलं जातं. राज्याच्या नियमांतली 150 शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा पाळा.

इतरांचे गुण मिळतात का? पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीत ते द्यावेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं. मात्र डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातला कलम 8(1)(ञ) चा, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारू देणारा, अपवाद त्यानंतर रुंद केला आहे. म्हणून अर्जातच कलम 8(2) खाली व्यापक सार्वजनिक हित लिहा: हे वकील सरकारी पैशातून कोठडीतल्या आरोपींचा बचाव करणार आहेत.

रिट: मुद्दा कागदावर असेल तर लवकर

करार असला तरी सार्वजनिक प्राधिकरणाला मनमानी करता येत नाही. सरकारी वकिलांच्या नेमणुकांना घटनेचा अनुच्छेद 14 (समानतेचा हक्क) लागू होतो, हे श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात 1990 सालीच ठरलं. 2016 च्या ब्रिजेश्वर सिंग चहल निकालाने पारदर्शक निवडीवर भर दिला. प्रक्रिया सुरू झाल्यावर खेळाचे नियम बदलता येत नाहीत, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा शिक्कामोर्तब केलं.

याचिका पडते ती बहुधा तीन कारणांनी. पहिलं, निवडलेल्या उमेदवाराला प्रतिवादी केलेलं नसतं. दुसरं, उशीर. हायकोर्टातली रिट ज्या अनुच्छेद 226 खाली होते त्याला ठरावीक मुदत नाही, पण समोरचा रुजू होऊन वर्ष काम करून बसला की न्यायालय हात घालायला नाखूश असतं. तिसरं, जाहिरातीतला दोष माहीत असून निमूटपणे मुलाखत दिलेली असते. अशा उमेदवाराला निकालानंतर त्याच दोषावर बोट ठेवता येत नाही, हा मदन लाल प्रकरणाचा (1995) नियम. 2019 च्या मीता सहाय निकालाने त्याला अपवाद दिला: उमेदवार प्रक्रियेला संमती देतो, तिच्यातल्या बेकायदेशीरपणाला नाही. तरीही लेखी हरकत नोंदवून मग मुलाखत देणं केव्हाही शहाणपणाचं.

कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या वकिलांना आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे.

पॅनेल वकिलांचं, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतून प्रकरणागणिक नेमल्या जाणाऱ्यांचं, गणित निराळं. पॅनेल तीन वर्षांचं, आणि नाव असलं तरी प्रकरणं मिळतीलच असं नाही. तिथला खरा वाद वाटपाचा असतो. त्यासाठी माहिती अधिकारात प्रकरण वाटपाची नोंदवही मागा आणि तिच्यासह निवेदन द्या. रिटचा खर्च क्वचितच वसूल होतो.

लोकअभिरक्षक पदासाठी मात्र असं ठरवा. मंजुरी बाकी असेल तर आजच निवेदन. नुसता संशय असेल तर माहिती अधिकार, आणि आलेल्या कागदात अपात्रता दिसली तरच रिट. दोष जाहिरातीत किंवा सीएनआरच्या नोंदीत उघड असेल तर माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट न पाहता काही आठवड्यांत याचिका दाखल करा, अर्ज समांतर चालू द्या. अंतरिम मागणीत संपूर्ण निवडीला स्थगिती मागू नका. कार्यालय बंद पडलं तर रिमांडला उभा राहणारा गरीब आरोपी वकिलाविना राहील, आणि न्यायालयही त्याला सहसा तयार होणार नाही. वादातली नेमणूक याचिकेच्या अंतिम निकालाच्या अधीन राहील, एवढा आदेश मागा, आणि सुनावणीची जवळची तारीख.