इराकी दिनारचा जुना दर दाखवून झालेली फसवणूक

ज्या इसमाने ‘भाव पुन्हा चढेल’ असे सांगून आमच्या कुटुंबाला इराकी दिनारच्या नोटा विकल्या, त्याने सांगितलेले विनिमयदराचे आकडे जवळजवळ सगळे खरे होते, आणि म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. खोटा आकडा तपासता येतो, पण खरा आकडा चुकीच्या अर्थाने पुढे केला की सुशिक्षित माणूसही फसतो.

एका परिचिताच्या ओळखीने तो आमच्याकडे आला. त्याने सुरुवात इतिहासापासून केली. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश ताब्यापासून १९३२ पर्यंत इराकमध्ये भारतीय रुपयाच चालत असे. त्या वर्षी दिनार आला, तेव्हा एका दिनारची किंमत १३ रुपये ५ आणे ४ पै ठरली. १९६१ साली कुवेतने आखाती रुपया बंद करून स्वतःचा दिनार काढला, तोही नेमक्या याच दराने. आज कुवेती दिनारला अडीचशेहून अधिक रुपये पडतात, तर इराकी दिनार पैशांत मोजावा लागतो. दोन्ही देश तेलाचे, दोघांचा आरंभ एकाच दराने, मग इराकचा दिनार कायमचा खाली कसा राहील, असे तो विचारी. हे सगळे तपशील आम्ही पडताळून पाहिले आणि ते बरोबर निघाले, त्यामुळे त्याच्यावरचा आमचा विश्वास वाढला.

त्यानंतर त्याने एक आलेख दाखवला, आणि खरी लबाडी त्या आलेखात होती. त्यावर एका दिनारला ३.२ डॉलर ही रेषा १९८२ पासून जवळपास २००३ पर्यंत सपाट चालली होती आणि तिथून एकदम कोसळून डॉलरला दीड हजार दिनारच्या आसपास पोहोचली होती. १९८९ साली डॉलर सुमारे १६ रुपयांना होता, म्हणजे या हिशेबाने एक दिनार पन्नास रुपयांच्या वर होता. आम्ही नोटा घेतल्या तेव्हा मात्र एका रुपयाला जवळपास सोळा दिनार असा दर होता. युद्धाने एका फटक्यात पाडलेली किंमत देश सावरल्यावर पुन्हा उभी राहील, असा त्याचा निष्कर्ष होता.

ती सपाट रेषा सरकारी दराची होती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले, तेलाची निर्यात थांबली, आणि सरकार खर्च भागवण्यासाठी हलक्या कागदावर नोटा छापत सुटले. १९९५ संपता संपता बगदादच्या बाजारात एका डॉलरला तीन हजारांच्या आसपास दिनार मोजावे लागत होते, पण कागदोपत्री दर तसाच ३.२ डॉलर राहिला, आणि दराचे जुने तक्ते हाच कागदी दर छापतात. २००३ मध्ये दिनार कोसळलाच नव्हता; कोणीही सामान्य माणूस ज्या भावाने व्यवहार करू शकत नव्हता तो भाव तक्त्यातून गेला आणि त्याच्या जागी बाजारातला भाव आला, इतकेच. जो दर बाजारात कधीचाच उरला नव्हता, तो परत येणार तरी कुठून? शिवाय चलनात असलेले दिनार पन्नास लाख कोटींहून खूपच जास्त आहेत. प्रत्येकाचे तीन डॉलर धरले, तर एकट्या इराकच्या नोटांची किंमत साऱ्या जगाच्या वर्षभराच्या उत्पन्नापेक्षा मोठी होईल. हे गणित वहीच्या एका पानावर होते, आणि विक्रेता ते कधीच मांडत नाही.

कुवेतचा दाखलाही असाच अर्धवट होता. कुवेतची परदेशातील गंगाजळी १९९० च्या इराकी आक्रमणातही शाबूत राहिली, आणि मुक्ततेनंतर नवी नोट काढताना लुटलेल्या नोटा रद्द करण्यात आल्या. इराकमध्ये ऑक्टोबर २००३ पासून नोटाबदल झाला तेव्हा उत्तरेकडील कुर्द भागात चालणाऱ्या जुन्या नोटांतील एका दिनारला दीडशे नवे दिनार मिळाले, हेही तो सांगे. परंतु त्या नोटांची छपाई कित्येक वर्षे बंद असल्यामुळे त्या टिकून होत्या, हे तो सांगत नसे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी दर डॉलरला १,४५० दिनारवरून १,३०० झाला, म्हणजे दिनार थोडा वधारला; याला तो ‘पहिला टप्पा’ म्हणत असे. डिसेंबर २०२० मध्ये हाच दर १,१८० च्या घरातून १,४५० वर घसरवला गेला होता, म्हणजे २०२३ च्या सुधारणेने त्यातले निम्म्याहून थोडेसेच अधिक भरून निघाले होते.

पंचवीस हजार दिनारच्या नोटेची, रुपयाला सोळा दिनार या दराने, किंमत सुमारे सोळाशे रुपये होती. आमच्याकडून त्याने प्रत्येक नोटेचे चार हजार घेतले. विकायला गेलो तेव्हा परवानाधारक मनी चेंजर ती नोट हातात घ्यायलाही तयार नव्हते. पावतीवर ‘नोटसंग्रहासाठी’ असे लिहिलेले होते, आणि तक्रारीचा विषय निघताच त्याने त्यावरच बोट ठेवले. पुढे ‘नवा दर लागू होण्याआधी नोंदणी शुल्क भरा’ असे निरोप येऊ लागले. हे शुल्क कोणत्याही बँकेचे नसते, ते त्याच टोळीच्या खात्यात जाते.

फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याप्रमाणे परकीय चलन रिझर्व्ह बँकेच्या परवानाधारकाकडूनच घ्यावे लागते. ‘तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल’ अशी धमकी त्याने याच कायद्याच्या आधारे दिली, आणि त्याच्याकडून नोटा घेतलेली काही कुटुंबे आजही त्या भीतीने गप्प आहेत. आम्ही वकिलाचा सल्ला घेऊन त्याचे निरोप, पावती, तो आलेख आणि त्याच्या वैयक्तिक खात्यात भरलेल्या रकमांचा बँकेचा उतारा जोडून पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते नष्ट करू नयेत, कारण एकाच खात्यात अनेकांचे पैसे गेल्याचे दिसले, तर नोटसंग्रहाचा त्याचा बचाव टिकणे कठीण आहे.