मानवी हक्कांच्या म्युझियमशी कंपनीची पार्टनरशिप: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं भोसरी एमआयडीसीत शीट मेटल फॅब्रिकेशनचं युनिट आहे, मी आणि मिस्टर दोघं पार्टनर, कायम आणि कंत्राटी मिळून ४१ माणसं. २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यातल्या पेठेतल्या एका लहान म्युझियमचे आम्ही वर्षभरासाठी बिझनेस पार्टनर झालो. विषय मानवी हक्कांचा इतिहास, म्हणजे जोतिराव-सावित्रीबाईंच्या १८४८ च्या मुलींच्या शाळेपासून महाडपर्यंत आणि गिरणी कामगारांपासून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या विशाखा निकालापर्यंत. म्युझियमचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि चार माणसांवर चालणारी संस्था आहे, त्यांना उगाच त्रास नको. पण आमच्या असोसिएशनमधल्या बऱ्याच जणांनी विचारलं की तुम्हाला यातून मिळालं काय, टॅक्स वाचतो का, सीएसआरमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांना समाजासाठी करावा लागणाऱ्या खर्चात, बसतं का, म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी पैशाचं, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. सीएसआरची सक्ती २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली आहे, आणि ती नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यातलं एक तरी असेल त्या कंपनीला, मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के. आमच्यासारख्या पार्टनरशिप फर्मचा त्याच्याशी काही संबंध नाही. मोठ्या कंपन्यांना मात्र म्युझियमला दिलेला पैसा वारसा-संस्कृतीच्या हेडखाली बसवता येतो, फक्त संस्थेचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन हवं, आणि दोन गोष्टी लक्षात ठेवा, प्रॉडक्टच्या जाहिरातीसाठी केलेली स्पॉन्सरशिप त्यात धरत नाहीत आणि फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्चही धरत नाहीत. आम्ही साधी देणगी दिली, ६० हजार, चेकने, ८०जी ची म्हणजे टॅक्समध्ये सवलत मिळणारी. सवलत निम्म्या रकमेवर मिळते आणि त्यालाही मर्यादा असते, त्यामुळे नुसता टॅक्स वाचवायला हे करायचं असेल तर नका करू, सीएला विचारलंत तर तो दुसरे चार मार्ग सांगेल.

बदल्यात काय ठरलं होतं तर आमच्या माणसांसाठी गाईडसकट दोन भेटी, कंपनीत येऊन एक ट्रेनिंग सेशन, एक दिवस त्यांचा हॉल, आणि दारातल्या फलकावर आमच्या फर्मचं नाव. फलक लागला, फोटो काढला, आणि मला वाटलं झालं आपलं काम.

पहिली भेट आम्ही पूर्ण बिघडवली. भोसरीत सुट्टी गुरुवारी असते, तर आम्ही विचार केला की प्रॉडक्शन कशाला अडवायचं, गुरुवारीच नेऊ. टेम्पो ट्रॅव्हलर केली, नाश्ता ठेवला, आली सहा माणसं. त्यातले दोघं सुपरवायझर, ते बिचारे न येऊन सांगतात कुणाला. आत गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या पॅनलवर नारायण मेघाजी लोखंडे होते, १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, सत्यशोधक माणूस, आणि त्यांच्याच प्रयत्नांनी १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. मी ते वाचत उभी होते आणि माझ्या शेजारी आमचा प्रेस ऑपरेटर, ज्याची हक्काची सुट्टी मीच घेतलेली, तो पण तेच वाचत होता. तो काहीच बोलला नाही. मी घरी येऊन मिस्टरांना सांगितलं की पुढची भेट कामाच्या दिवशी, पूर्ण पगारात, नाहीतर नकोच.

म्हणून ऑक्टोबरमधला मंगळवार धरला. स्वारगेटपर्यंतची मेट्रो नुकतीच चालू झालेली, नाशिक फाट्याला बसलो आणि मंडईला उतरलो, अर्ध्या लोकांनी पहिल्यांदा भुयारातली मेट्रो बघितली तो आनंद वेगळाच. ३३ जण आले. दीड तास म्युझियम आणि मग गाईड मॅडम सगळ्यांना चालत गंज पेठेत फुलेवाड्यात घेऊन गेल्या. तिथे त्यांनी जे सांगितलं ते आमच्या पोरांना सगळ्यात जास्त भिडलं, ते म्हणजे जोतिराव स्वतः कंत्राटदार होते, पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत होते, धातूचं ओतकाम करायला लागणाऱ्या साहित्याचा पण त्यांचा धंदा होता. आमचे वेल्डर काका, तीस वर्षं झाली त्यांना या लाईनमध्ये, ते म्हणाले, "म्हणजे हे तर आपल्यातलेच निघाले की." शाळेत आम्ही सगळ्यांनी फुले वाचलेत पण व्यापारी म्हणून कुणी शिकवलेच नव्हते, शाळा आणि समाजकार्य एवढंच. धंदा करणाऱ्या माणसाने आपला पैसा आणि वजन कुठे लावलं हे कळलं की आपल्यालाही जरा ताठ बसावंसं वाटतं.

मग हौदाची गोष्ट आली. १८६८ मध्ये त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. आमच्याकडे कंत्राटावर हेल्परचं काम करणाऱ्या एक मावशी आहेत, एरवी तोंडातून शब्द काढत नाहीत, त्यांनी गाईड मॅडमना विचारलं, "खुला केला म्हनला, पन आजूबाजूचे सगळे गुमान बसले का?" मॅडम म्हणाल्या, नाही मावशी, हौद १८६८ चा आणि महाडचं चवदार तळं १९२७ चं, मध्ये ५९ वर्षं गेली आणि तरी बाबासाहेबांना पाण्यासाठी हजारो लोक घेऊन जावं लागलं, आणि पाणी प्यायल्यावर लोकांना मार पण खावा लागला. मावशी म्हणाल्या, "तेच म्हनते मी."

परत येताना मेट्रोत त्या माझ्या शेजारी बसल्या. नाशिक फाटा यायच्या जरा आधी म्हणाल्या, "वहिनी, आपल्यात पन दोन कूलर हायेत."

खरंच आहेत. म्हणजे होते. एक आत सीएनसी सेक्शनच्या बाजूला, फिल्टरचा, थंड पाण्याचा. दुसरा गेटजवळ, साधा, कंत्राटी माणसं तिथलं पाणी प्यायची. कुणी तसा नियम केला नव्हता, कधी बोर्ड लावला नव्हता, आठ वर्षांपूर्वी कंत्राटदाराची माणसं गेटजवळच्या शेडमध्ये बसायची म्हणून तिथे कूलर बसवला आणि मग तेच चालू राहिलं. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये कलम १८ होतं, सगळ्या कामगारांना पिण्याचं चांगलं पाणी, त्याचा तपासणीचा कागद दरवर्षी मीच भरायचे. कागदावर दोन कूलर म्हणजे सोय जास्त असंच दिसायचं.

दुसऱ्या दिवशी गेटजवळचा कूलर काढला आणि सगळ्यांना सांगितलं की आतलाच वापरा. आणि इथे मला मावशींचा प्रश्न कळला, कारण पुढचे तीन आठवडे कंत्राटी लोक घरून बाटल्या भरून आणायला लागले, आत कुणी येईना. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला मॅडम मी अडवत नाही. मग बसून बघितलं तर कळलं की कायम माणसांचा डबा साडेबाराला आणि कंत्राटी लोकांचा दीडला, दीडला आत मशिनी चालू, ऑपरेटर उभे, मधून जायला त्यांना संकोच. मग डब्याची वेळ एक केली, पावणेएक, सगळ्यांना. थोडं शेड्यूल हललं, एका मशीनला रिलीव्हर लावावा लागला, पहिल्या आठवड्यात दोन ऑपरेटर कुरकुरले पण. नोव्हेंबर अखेरीस बाटल्या बंद झाल्या. ६० हजारात मला हे मिळालं, आणि कुठलाही कन्सल्टंट कंपनीत येऊन हे सांगू शकला नसता कारण मावशी त्याच्याशी बोलल्याच नसत्या.

आता आम्ही काय दिलं ते. चेक सोडून दिलेली एकच गोष्ट खरी कामाची ठरली, ती म्हणजे रॅम्प. म्युझियमचा ओटा दीड फूट उंच, दारात तीन पायऱ्या, मानवी हक्कांचं म्युझियम आणि व्हीलचेअर आत जात नाही, त्यांनाही ते टोचत होतं पण कोटेशन परवडत नव्हतं. आमचे वेल्डर काका म्हणाले आपण करू. एकास बाराचा उतार धरला तर दीड फुटाला अठरा फूट लांबी लागते आणि समोर अंगण तेवढं लांब नाही, सरळ बसेचना. काकांनी जमिनीवर खडूने आखून दाखवलं, नऊ फूट चढ, मग चार फुटांचं सपाट लँडिंग, तिथे वळून उलट दिशेला परत नऊ फूट. एमएस ट्यूबची फ्रेम, वर चेकर प्लेट, दोन्ही बाजूला रेलिंग, पावडर कोटिंग, आणि सगळं बोल्टिंगचं म्हणजे जुन्या वाड्याच्या दगडाला कुठे भोक नाही. मटेरियल ४१ हजारांचं गेलं, लेबर आमचं, जानेवारीत दोन गुरुवार, आणि त्या दोन गुरुवारांचा ओव्हरटाईम दिला हे मुद्दाम सांगते. मे महिन्यात पुण्यात धो धो पाऊस झाला तेव्हा प्लेट घसरडी होतेय असा फोन आला, काका त्याच संध्याकाळी स्कूटरवर जाऊन अँटीस्किड पट्ट्या लावून आले, एखाद्या आज्जींचा पाय घसरला तर काय करायचं म्हणाले. फलकावरच्या नावाबद्दल आमच्या एकाही माणसाने कधी विचारलं नाही. रॅम्प बघायला मात्र चौघं जण रविवारी बायका-पोरांना घेऊन जाऊन आले.

म्हणून कुणी विचारलं की धंदेवाल्याने म्युझियमला काय द्यावं तर माझं सरळ उत्तर, आपल्या शॉपमध्ये जे चांगलं बनतं ते द्या. प्रिंटिंगवाला असाल तर पॅनल छापून द्या, आयटीवाले असाल तर त्यांची कागदपत्रं स्कॅन करून नीट लावून द्या, ट्रान्सपोर्टवाले असाल तर झेडपीच्या शाळांना बस द्या. त्यांना पैसे लागतातच, लाईट बिल आणि गाईडचा पगार त्यातूनच जातो, पण पैशावर नातं थांबतं, कामातून ते वाढतं.

एक गोष्ट मात्र सही करायच्या आधी बघा, की करारात कंटेंटवर पार्टनरचा काही हक्क नाही असं स्पष्ट लिहिलंय का. आमच्या करारात होतं आणि तेव्हा मला ते जरा तुसडं वाटलं होतं. मग फेब्रुवारीत कळलं की दुसऱ्या एका पार्टनर कंपनीने कामगारांच्या पॅनलमधलं एक वाक्य सौम्य करा म्हणून सांगितलं, म्युझियमने नाही म्हटलं, आणि त्या कंपनीने पुढचा हप्ता दिला नाही. दोन महिने तिथे एक गाईड कमी होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला. जगात याची सगळी रूपं आहेत, जोहान्सबर्गचं अपार्थाइड म्युझियम २००१ मध्ये उघडलं ते कॅसिनोच्या लायसन्ससाठी बोली लावणाऱ्यांनी सामाजिक प्रकल्प म्हणून बांधलं, अटलांटाच्या नागरी आणि मानवी हक्कांच्या सेंटरला जागा कोका-कोलाने दिली, आणि उलट भोपाळचं रिमेंबर भोपाळ म्युझियम, गॅसपीडितांच्या आठवणींचं, ते सरकारचे पण पैसे घेत नाही आणि कंपन्यांचे पण नाही. भोपाळवाल्यांचं मला शंभर टक्के पटतं, १९८४ च्या त्या रात्रीनंतर त्यांनी कंपन्यांचे पैसे का घ्यावेत. बाकीच्यांनी घ्यावेत, पण देणाऱ्याने पॅनलला हात लावायचा नाही, आम्ही पण नाही. उद्या तिथे भोसरीतल्या कंत्राटी कामगारांवर पॅनल लागलं तरी आमचं नाव दारात तसंच राहिलं पाहिजे.

ट्रेनिंग सेशन १० डिसेंबरला घेतलं, मानवी हक्क दिन. चांगलं झालं. हंसा मेहतांचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, १९४८ च्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे इंग्रजी शब्द होते ते 'सर्व माणसं' असे बदलायला लावणारी आपली भारतीय बाई. नंतर भंवरी देवी, ज्यांच्यावरच्या अत्याचारातून ती केस उभी राहिली, १९९७ चा विशाखा निकाल आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा हे एका सलग गोष्टीसारखं सांगितलं, त्यामुळे आमच्या अंतर्गत समितीच्या बायकांना कळलं की आपण नुसतं रजिस्टर भरायला नाहीये.

तक्रारी. ईमेलला उत्तर यायला आठ-दहा दिवस लागतात, फोनच करा. देणगीच्या पावतीवर पॅनचा एक आकडा चुकला, मी तेव्हाच कळवलं, तरी मे अखेरीस १०बीई सर्टिफिकेट, म्हणजे सवलत घ्यायला लागणारा देणगीचा दाखला, आलं ते चुकीच्याच पॅनवर, आता दुरुस्तीचं चालू आहे आणि आमचे सीए रोज विचारतात. माझ्यासारखं करू नका, पावती हातात आली की लगेच दुरुस्त करूनच घ्या. दोन पॅनलवर मराठी जोडाक्षरं फुटलीत, 'स्त्री' वाचता येत नाही, मुलींच्या शाळेच्या पॅनलवर हे खटकतं. बायकांसाठी टॉयलेट एकच आहे, ३३ जणांची बॅच नेली तेव्हा अर्धा तास त्यातच गेला. आणि हिंदी बोलणारा गाईड नाही, आमचे नऊ जण यूपी-बिहारचे आहेत, त्यांना वेल्डर काका त्यांच्या हिंदीत सांगत होते, त्यांनी मनापासून सांगितलं पण गाईडची सर कशी येणार. हे मी त्यांना लेखी दिलंय.

या महिनाअखेरीस रिन्यूअल आहे आणि आम्ही करतोय. यावेळी रक्कम तीच ठेवली, पण एकदम सगळे जाण्याऐवजी दर दोन महिन्यांनी मंगळवारी आठ जण असं ठरलंय, आणि त्यातल्या निम्म्या जागा कंत्राटी माणसांना, पूर्ण रोजासकट. हिंदी गाईडच्या ट्रेनिंगचा खर्च आम्ही वेगळा देतोय. फुटलेली जोडाक्षरं सुधारून द्यायला आमच्या नेमप्लेटवाल्याला गळ घातलीय, तो हो म्हणालाय. पहिल्या बॅचची यादी काल नोटीस बोर्डवर लावली तर मावशी येऊन विचारून गेल्या की दहावीतल्या लेकीला आणलं तर चालेल का. मी म्हटलं आणा की. आता आठ जणांच्या त्या बॅचमधली ती नववी.