तिसरीच्या वर्गातला स्मार्ट टीव्ही: दोन वर्षांच्या वापरानंतर
आमच्या जिल्हा परिषद शाळेने लोकवर्गणीतून घेतलेला ४३ इंची स्मार्ट टीव्ही तिसरीच्या वर्गात दोन वर्षे वापरल्यानंतर हे लिहीत आहे. चित्र उत्तम आहे. खिडकीचा पडदा ओढला की शेवटच्या रांगेतल्या मुलांनाही अक्षरे स्वच्छ दिसतात. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा ॲपवर स्कॅन केला की धड्याला जोडलेले साहित्य समोर येते, आणि ते घरूनच डाउनलोड करून आणले, तर वर्गात रेंज नसली तरी अडत नाही. घड्याळ शिकवताना मात्र मी व्हिडिओ मध्येच थांबवते आणि ‘आता मोठा काटा कुठे जाईल?’ असे विचारते; नुसता लावून दिला, तर मुले टक लावून पाहतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत विसरतात. संचाची खरी उणीव आवाजात आहे, कारण पत्र्यावर पाऊस वाजू लागला की काहीच ऐकू येत नाही. रिमोट बिघडल्यावर दुकानदाराने पाच आठवडे नुसत्या तारखा दिल्या. तरीही संच घेण्याजोगा आहे. फक्त वेगळ्या स्पीकरचा आणि इन्व्हर्टरचा खर्च आधीच धरावा.