भावांतर योजना, सोयाबीन २०२५: पैसे आले, पण हिशोब समजून घ्या मग माल काढा

इंदूरात राहून सांवेरकडे शेती असलेले आपले बरेच मराठी लोक आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. पाचात साडेतीन स्टार देईन. दीड कुठे कापले ते सांगतो.

मध्य प्रदेश सरकारची ही योजना अशी, की २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल होता, सरकार माल घेत नाही, तुम्ही मंडीत लिलावात विकायचं आणि फरक सरकार खात्यात टाकणार. विक्री २४ ऑक्टोबर २०२५ ते १५ जानेवारी २०२६ अशी होती. पण फरक कशातला, इथेच लोक फसतात. सरकार मंड्यांच्या भावावरून एक मॉडेल रेट काढतं, ७ नोव्हेंबरला पहिला निघाला ४०२० चा. तुम्ही ४३०० ला विकलं तर १०२८ मिळणार, म्हणजे पूर्ण ५३२८ हातात. पण ३६०० ला विकलं तर १७२८ नाही मिळत हो, ५३२८ वजा ४०२०, म्हणजे १३०८ च मिळतात! एकूण ४९०८, क्विंटलमागे ४२० गेले ते गेलेच. काकांना हे समजावताना माझा घसा बसला, ते म्हणे "हमीभाव म्हणजे हमी ना रे?"

आणि २०२५ मधे ३६०० वाला माल किती होता ते विचारू नका, पिवळा मोझॅक रोग आणि वरून काढणीच्या वेळचा पाऊस. मंडीत व्यापारी ढेरीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा दाणा काढतो, दाताखाली दाबतो, कट् वाजला तर बोली वर जाते, चपटा झाला की लगेच "गीला है" आणि भाव खाली. आमची एक ढेरी अशीच गेली, दुसरी आठवडाभर वाळवून नेली तर बराच फरक पडला, म्हणून सांगतो घाई करू नका, ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आणूनच ट्रॉली भरा.

पेमेंटबद्दल तक्रार नाही. पहिली खेप १३ नोव्हेंबरला देवासहून मुख्यमंत्री मोहन यादव यांनी सोडली, १.३३ लाख शेतकऱ्यांना २३३ कोटी. आमचे नंतर आले पण आले, मधे कोणाचे हात ओले करावे लागले नाहीत, हे लिहायला हवं कारण २०१७ मधे हीच योजना पहिल्यांदा आली (तेव्हा हमीभाव ३०५०) तर मंडीचे भाव पडले म्हणून केवढी ओरड झाली होती, आणि या वेळीही काका पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होते.

एक स्टार मात्र गिरदावरीमुळे, म्हणजे शेतातल्या पिकाच्या सरकारी नोंदीमुळे कापला. रजिस्ट्रेशन ई-उपार्जन या सरकारी पोर्टलवर होतं आणि रकबा (पिकाचं क्षेत्र) गिरदावरीतूनच उचलला जातो, आमच्या एका खसऱ्यात (सर्वे नंबरात) सोयाबीनच्या जागी मका चढलेला! शेतात सोयाबीन उभं आणि कागदावर मका, ते दुरुस्त करायला इतके चक्कर मारले की पेट्रोलचाच भावांतर मागावा. त्यामुळे पीक उभं असतानाच खसरा तपासून घ्या, कापणी झाल्यावर काय दाखवणार.

लातूरचा आतेभाऊ म्हणतो तुमचं बरं आहे, आमच्याकडे हमीभाव केंद्रावर नंबर लावा, ओलावा जास्त निघाला की माल परत. तेही खरंय, इथे कसलाही माल विकला तरी जातो. पण तिकडे माल पास झाला की पूर्ण हमीभाव पक्का, इथे खराब मालाचा मार शेतकऱ्याच्याच माथी, आणि खराब माल त्याच वर्षी होतो ज्या वर्षी पैशांची गरज जास्त असते. उरलेला अर्धा स्टार यासाठी कापला.

अजून एक, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. काका सोसायटीच्या पासबुकात एंट्री मारून मारून थकले, पैसे केव्हाच दुसऱ्या बँकेत येऊन पडलेले. तोल पर्ची (वजनाची पावती) आणि भुगतान पत्रक (पैसे दिल्याची पावती) मात्र फाडू नका, फोटो काढून ठेवा.