सोयाबीननंतर गहू की चणा? (ऑरगॅनिकवाल्यांसाठी)

इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडे पावसाळ्यात सोयाबीन ठरलेलंच, डोकं खाजवायचं ते दिवाळीच्या सुमारास, शेत रिकामं झालं की गहू टाकू की चणा. रासायनिक खतं-औषधं वापरणाऱ्याचं कसंही निभतं हो, ऑरगॅनिकमध्ये चुकलं की दोन-तीन वर्षं भोगावं लागतं.

चण्याकडे मन ओढतं ते पाण्यामुळे. त्याला १-२ पाणी पुरतं, गव्हाला ४-५ लागतात आणि आमच्या मामांचं बोअर तर फेब्रुवारीतच खोकायला लागतं. वर लोक म्हणतात सोयाबीनही जमिनीला नत्र देतं, चणाही देतो, मग डबल फायदा! पण सोयाबीनचा बराचसा नत्र दाण्यात जातो, दाणा जातो मंडीत, जमिनीत राहतो तो थोडाच. (फुलावर असताना सोयाबीनचं एखादं झाड उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी असेल तर नत्र धरायचं काम चालू आहे, नसेल तर पुढच्या वर्षी बियाण्याला रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) चोळा.)

खरी भीती मर रोगाची, इकडे उकठा म्हणतात. मामांनी एकाच तुकड्यात सलग ३ वर्षं चणा घेतला आणि तिसऱ्या वर्षी हिरवीगार झाडं उभ्या उभ्या माना टाकायला लागली, बुंध्याजवळ खोड उभं चिरलं तर आत तपकिरी-काळी रेघ. ही बुरशी चणा नसतानाही ६-६ वर्षं मातीत टिकते, शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी) मुरवून टाकला तर थोडाफार फरक पडतो इतकंच. गव्हाला हा उकठा होत नाही, म्हणून मध्ये गहू हवा, एका वर्षात बुरशी मरणार नाही पण तिला खायला तरी मिळत नाही.

गहू मात्र खादाड. शेणखत नसेल तर पिवळा पडून बसतो, आणि विकतची ट्रॉली घ्याल तर आधी हात घालून बघा, मला एकाने अर्धी माती विकलीय. कंपोस्ट घरीच करा, कंपोस्टची ती इंदूर पद्धत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१च्या दरम्यान आपल्याच इंदुरात बसवलेली, आणि आपण खत बाहेरून आणतो!

माझं मत विचाराल तर ५ बिघ्यातला ज्याला पाणी पोचतं तो भाग गव्हाला, बाकी चण्याला, पण उकठा दिसलेल्या तुकड्यात चणा अजिबात नको, आणि ३ वर्षांतून एकदा पावसाळ्यात सोयाबीन सोडून मका घ्या, सोयाबीनचं खोड पोखरणाऱ्या चक्रभुंग्यालाही तेवढाच उपास. कुठे काय पेरलं ते डायरीत लिहा मात्र, उकठा नेमका विहिरीकडच्या तुकड्यात होता की रस्त्याकडच्या यावर आमचं आणि मामांचं अजून एकमत नाही.