स्पायडर-एक्स प्रो : छपाईला पाठवण्याआधी पडद्याचा रंग तपासणारे यंत्र

डेटाकलर कंपनीचे स्पायडर-एक्स प्रो हे मॉनिटरचे रंग मोजून दुरुस्त करणारे छोटे यंत्र 2019 मध्ये बाजारात आले. त्यानंतर याच मालिकेत नवी यंत्रे आली असली, तरी मी आजही हेच वापरतो आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, लग्नपत्रिका, साड्यांचे कॅटलॉग अशी छपाईची कामे करणाऱ्यांना ते घेण्याचा सल्ला देतो. मात्र हे यंत्र घेतले की पडद्यावरचा रंग जसाच्या तसा कागदावर उतरेल, या समजुतीने कोणी ते घेऊ नये. तसे ते करीत नाही आणि कोणतेही यंत्र तसे करू शकणार नाही. ते नेमके काय करते हे कळण्यासाठी रंग मुळात बदलतो कुठे, ते आधी पाहावे लागेल.

पडदा स्वतः प्रकाश फेकतो. लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश कमीजास्त प्रमाणात मिसळून तो बाकीचे रंग तयार करतो. कागद प्रकाश फेकत नाही. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळ्या आणि काळ्या शाईतून जे रंग निघतात त्यांचा पल्ला पडद्याच्या पल्ल्यापेक्षा बराच आखूड असतो, विशेषतः झळाळत्या निळ्या, हिरव्या आणि केशरी छटांच्या बाबतीत. झेंडूचा पेटता केशरी पडद्यावर डोळे दिपवतो आणि छापल्यावर विटकरीकडे झुकतो. गडद निळा जांभळट होतो. पैठणीच्या पदरावरचा मोरपंखी रंग तर दोन्हीकडून मार खातो, कारण त्यात निळा आणि हिरवा दोन्ही उजळ असतात.

दुसरी अडचण पडद्यापडद्यातली. फाईलमध्ये रंग आकड्यांच्या रूपात असतो. लाल 255, हिरवा 0, निळा 0 ही केवळ सूचना आहे. ती मिळाल्यावर प्रत्येक मॉनिटर आपापल्या जवळचा लाल दाखवतो आणि तो लाल पॅनेलनुसार वेगळा असतो. या गोंधळावर उपाय म्हणून 1993 मध्ये इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन झाली आणि प्रत्येक उपकरणाच्या रंगांची ओळख सांगणाऱ्या प्रोफाईल फाईलची पद्धत रुजली. 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हे सामाईक माप सुचवले. मात्र तुमच्या टेबलावरच्या मॉनिटरची खरी प्रोफाईल त्याचे मोजमाप केल्याशिवाय तयार होत नाही. स्पायडर-एक्स प्रो हेच मोजमाप करते.

वापरण्याची रीत सोपी आहे. मॉनिटर अर्धा तास आधी सुरू करून ठेवायचा, म्हणजे त्याचा प्रकाश स्थिरावतो. यंत्राचे झाकण उघडले की झाकणच वायरवर सरकते आणि मॉनिटरच्या मागे लोंबून वजनाचे काम करते, त्यामुळे यंत्र पडद्यावर नीट टेकून राहते. पडदा किंचित मागे कलवला की बाहेरचा उजेड फटीतून आत शिरत नाही. यानंतर पडद्यावर लाल, हिरवे, निळे आणि निरनिराळ्या करड्या छटांचे चौकोन एकामागून एक येतात, यंत्र ते मोजते आणि काही मिनिटांत प्रोफाईल तयार होते. शेवटी आधीचा आणि नंतरचा रंग आलटून पालटून दाखवला जातो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला दुरुस्त पडदा पिवळट वाटतो, कारण विकत आणलेले बरेच मॉनिटर निळसर पांढरा दाखवतात आणि डोळ्यांना त्याचीच सवय झालेली असते. पडदा तसाच ठेवून काम करत राहिले की डोळे स्थिरावतात आणि मग जुना पांढराच खटकू लागतो.

या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग मात्र मला रंगछटेपेक्षा उजळपणात जाणवला. ‘छपाई काळपट आली’ ही तक्रार प्रत्येक मुद्रकाने ऐकलेली असते आणि दोष शाईवर किंवा मशीनवर जातो. कारखान्यातून येणारे पुष्कळ मॉनिटर पूर्ण उजळपणावर चौरस मीटरला 250 ते 300 कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) इतका प्रकाश देतात. कार्यालयातल्या नेहमीच्या उजेडात पांढऱ्या कागदावरून परतणारा प्रकाश साधारण 80 ते 130 कँडेलाच्या आसपास असतो. म्हणजे ज्या पडद्यावर आपण छायाचित्र ‘बरोबर’ करून घेतो, तो कागदाच्या दुप्पट-तिप्पट उजळ असतो. अशा पडद्यावर सावलीतला चेहरा स्वच्छ दिसतो, म्हणून आपण तो उजळवत नाही, आणि छापल्यावर तोच चेहरा अंधारात बुडतो. स्पायडर-एक्स प्रो खोलीतला उजेडही मोजते आणि त्याला साजेसा उजळपणा सुचवते. तो 120 कँडेलाच्या जवळ आणला, पांढरा 6500 केल्विन (पांढऱ्याची छटा सांगणारे माप) आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचे माप) 2.2 ठेवला, की छपाईबद्दलच्या निम्म्या तक्रारी प्रेसपर्यंत पोहोचण्याआधीच मिटतात, असे माझे मत आहे.

पडदा विश्वासाचा झाला की फोटोशॉपमधल्या सॉफ्ट प्रूफला, म्हणजे छपाई कशी दिसेल हे पडद्यावरच पाहण्याच्या सोयीला, अर्थ येतो. ज्या शाई-कागदावर काम छापले जाणार आहे त्याची प्रोफाईल, उदाहरणार्थ आर्ट पेपरसाठी (गुळगुळीत लेपाच्या कागदासाठी) फोग्रा-39, निवडून कंट्रोल आणि वाय ही बटणे दाबली की मोरपंखी रंग किती दबणार हे पडद्यावरच दिसते. मग तो दबलेला रंग मान्य करायचा, की त्याच्याभोवतीची पार्श्वभूमी थोडी गडद करून त्याला उठाव द्यायचा, याचा निर्णय छपाईआधी घेता येतो. मॉनिटर मोजलेला नसेल तर हेच सॉफ्ट प्रूफ फसवे ठरते. काही प्रेसवाले ‘प्रोफाईल वगैरे काही नको, नुसते सीएमवायके करून पाठवा’ असे सांगतात; सीएमवायके म्हणजे वर सांगितलेल्या चार शाईंचे रूप. हे ऐकून मला दरवेळी वाईट वाटते, कारण कोणत्या सीएमवायकेमध्ये, हा प्रश्न त्या वाक्यात अनुत्तरितच राहतो. आर्ट पेपर शाई वरच धरून ठेवतो, मॅपलिथो हा बिनलेपाचा कागद ती पिऊन घेतो, न्यूजप्रिंटवर तर शाईचा ठिपका चांगलाच पसरतो. एकाच आकड्यांचे तीन कागदांवर तीन रंग होतात.

आता उणिवा. हे यंत्र केवळ पडदा मोजते. प्रिंटरची प्रोफाईल बनवायची तर छापलेले रंगाचे चौकोन मोजणारे वेगळे यंत्र लागते. गॅमा आणि पांढऱ्या रंगाचे ठराविकच पर्याय मिळतात. मनासारखे आकडे भरायचे असतील तर एलिट ही महाग आवृत्ती घ्यावी लागते किंवा डिस्प्लेकॅल या मोफत सॉफ्टवेअरची मदत घ्यावी लागते. दोन वेगळ्या पॅनेलचे मॉनिटर शेजारी ठेवले तर ते जवळ येतात, पण जुळी भावंडे होत नाहीत. त्यातला एक स्वस्तातला टीएन पॅनेलचा असेल, तर मान जराशी हलवली तरी रंग बदलतो आणि तिथे कोणतेही मोजमाप हतबल आहे.

आणखी एक मर्यादा यंत्राची नाही, पण ती ठाऊक नसल्याने पुष्कळ जण यंत्रावर रागावतात. प्रोफाईलमधला एक भाग संगणकाच्या ग्राफिक्स कार्डात भरला जातो आणि त्यामुळे करड्या छटांची दुरुस्ती सगळीकडे दिसते. रंगांचे खरे रूपांतर मात्र प्रोफाईल वाचणारी सॉफ्टवेअरच करतात. म्हणून फोटोशॉपमध्ये शांत दिसणारे चित्र प्रोफाईल न वाचणाऱ्या साध्या दर्शकात भडक दिसू शकते, आणि मॉनिटरचा रंगपल्ला मोठा असेल तर हा फरक अधिकच वाढतो. ग्राहकाचा फोन तर आपल्या हातातच नसतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेले मुखपृष्ठ तो एमोलेड पडद्यावर, रंग गडद करणाऱ्या सेटिंगमध्ये, रात्री पिवळट केलेल्या प्रकाशात पाहून पसंत करतो. मांडणी आणि मजकुराला अशी संमती चालेल. रंगाला ती मुळीच चालणार नाही. रंगाची संमती कागदावरच्या प्रूफवर, शक्यतो 5000 केल्विनच्या उजेडात घ्यावी, कारण छपाईचे रंग पाहण्यासाठी तोच उजेड प्रमाण मानला जातो. दुकानातल्या पांढऱ्याफेक एलईडीखाली जुळलेले साडीचे कापड आणि तिचे छापील छायाचित्र व्हरांड्यात आणल्यावर वेगवेगळी दिसतात, ते उजेड बदलल्यामुळेच.

ज्याचे काम पडद्यावर सुरू होऊन पडद्यावरच संपते त्याने या यंत्रावर खर्च करण्याची गरज नाही. कार्यालयात तीन-चार मॉनिटर असतील तर मात्र एकाच यंत्रात सगळ्यांचे काम भागते आणि किंमत अंगावर येत नाही. खोक्यातला अनुक्रमांक सॉफ्टवेअर सुरू करताना लागतो, तो जपून ठेवावा, आणि मोजमाप महिन्यातून एकदा पुन्हा करावे. ज्यांना हे इतक्यात परवडणार नाही त्यांनी आजच मॉनिटरचा उजळपणा उतरवून शेजारी धरलेल्या कोऱ्या कागदाइतका आणावा, मेनूमधून 6500 केल्विन निवडावे आणि काम पाठवण्याआधी प्रेसकडे दोन गोष्टी मागाव्यात : त्यांच्या कागदाची प्रोफाईल आणि त्याच कागदावरचे प्रूफ.