साखळीचा पान्हा: पुढे पास, मागे नापास

आमची सिट्रोएन झँटिया गाडी १९९८ची. इंग्लंडमध्ये लेस्टरला आलो तेव्हापासून हीच, आणि ती विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. हिला स्प्रिंगा नाहीत. त्याऐवजी प्रत्येक चाकाला सोललेल्या नारळाएवढा एक लोखंडी गोळा असतो. त्याच्या आत रबरी पडदा, पडद्याच्या एका अंगाला नायट्रोजन आणि दुसऱ्या अंगाला एलएचएम नावाचं हिरवंगार तेल. वर्षानुवर्षं नायट्रोजन झिरपत जातो आणि गादीसारखी चालणारी गाडी एक दिवस बैलगाडीसारखी आदळायला लागते. माझे मागचे दोन्ही गोळे पार गेले होते. डिकीवर बसून पाहिलं, गाडी ढिम्म हलेना.

गॅरेजवाल्यांनी 'इतकी जुनी गाडी आम्ही घेत नाही' म्हणून हात झटकले. मग चारही गोळे नवीन मागवले आणि त्यासोबत अठरा पौंडांचा साखळीचा पान्हा. गोळ्याला साखळी गुंडाळायची आणि दांडा ओढायचा. जाहिरातीत लिहिलं होतं, 'कितीही जाम असो'.

पुढचे दोन गोळे बॉनेट उघडलं की वरच दिसतात, कोरडे आणि स्वच्छ. अर्धा आटा फिरवला आणि पुढचं काम हातानेच झालं. इथवर पाचपैकी पाच तारे.

मागचे मात्र गाडीखाली आडवे, चाकांनी उडवलेल्या चिखलात. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि पंचवीसेक हिवाळ्यांचं मीठ त्या आट्यात बसलेलं. साखळी रंग सोलत घसरली. डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवायचा फवारा मारून तीन रात्री तसंच ठेवलं. दांड्यावर पाइप चढवून लटकले, तर गोळा जागचा हलला नाही आणि साखळीची पिन वाकली. शेजारचे काका प्रेमाने ब्लोलॅम्प घेऊन आले. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. आत दाबाखालचा वायू असताना ज्योत जवळ नेणं शक्यच नव्हतं.

वडील इचलकरंजीत यंत्रमागाचे फिटर होते. गंजलेला बोल्ट दिसला की म्हणायचे, 'ओढू नको गं, हाण.' फोनवर सांगितलं तर तेच पुन्हा. पिन ठोकून सरळ केली, साखळी गच्च आवळली, दांडा ताणून धरला आणि टोकावर किलोभराच्या हातोड्याने हाणलं. तिसऱ्या फटक्याला 'कट्' असा आवाज आला. तो कानात आहे अजून. दुसरा गोळा पाचव्या फटक्याला सुटला.

कोणी करणार असेल तर आधी दाब सोडायचा, न विसरता. गाडीची उंची बदलायच्या लिव्हरने ती पूर्ण वर घ्यायची, खाली भक्कम स्टँड लावायचे, लिव्हर तळाला आणायचा आणि मग रेग्युलेटरचा, म्हणजे तेलाचा दाब राखणाऱ्या भागाचा, दाब सोडायचा स्क्रू एक आटा सैल करायचा. या यंत्रणेत दाब १७० बारपर्यंत जातो. तेलाची बारीक धारसुद्धा कातडीत घुसते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली तर जाऊच नये.

नवीन गोळ्यांबद्दल तक्रार नाही. पुढचे-मागचे वेगळे असतात, अंगावरचा छापील नंबर जुन्याशी ताडून घ्या. जुनी रबरी रिंग खोबणीत चिकटून राहते. ती मी लाकडी काडीने काढली, लोखंडी टोकाने खोबणीला ओरखडा गेला तर तेल गळत राहणार. नवीन रिंग एलएचएममध्ये बुडवून बसवायची आणि गोळा फक्त हाताने आवळायचा. पान्हा लावायचा नाही, रिंग दाबानेच बसते.

पान्ह्याला तीन तारे. दोन कापले ते वाकलेल्या पिनचे. विक्रेत्याला फोटो पाठवला तर 'हातोडा वापरल्यास वॉरंटी नाही' असं उत्तर आलं. पिन हातोड्याच्या आधीच वाकली होती, हे कोणाला सांगणार? परवा पुन्हा डिकीवर बसले. गाडी खाली गेली आणि सावकाश वर आली. वडिलांना व्हिडिओ पाठवला, त्यांनी विचारलं, 'हातोडा कुठला घेतलास?'